अहो, पंखा बंद करा ना

ती गेल्याचं त्याला लिफ्टच्या टपावर कळलं.

सोळाव्या आणि सतराव्या मजल्याच्या मधे, डब्याच्या टपावर उकिडवा बसून तो पोलादी दोर तपासत होता. फोन वाजला. त्याच्या घराच्या वर राहणाऱ्या बाई बोलत होत्या.

"काका, काकू खुर्चीतच कलंडल्या. दवाखान्यात आणलंय. लगेच या."

"शुद्धीवर आहे ना?"

"तुम्ही या आधी," बाई पुन्हा म्हणाल्या. तेवढ्यावरून त्याला कळलं. त्याने पाने, पकड आणि बॅटरी मोजून पिशवीत भरली, कारण शाफ्टमध्ये हत्यार विसरलं तर खालच्याचं डोकं फुटतं. मग तो खाली आला. अडतीस वर्षं तो हेच करत होता. हातांना काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा टेबलावरचा संगणक चालूच होता. पडद्यावर हिरवी रेघ थरथरत होती. रेकॉर्डिंग सुरू होतं. सहा तास ते रिकाम्या खोलीचा आवाज टिपत बसलं होतं. त्याने ते बंद केलं. काय टिपलंय ते ऐकलं नाही.

त्याची बायको अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचायची. नऊ वर्षं. सध्या शरीररचनेचं जाडजूड पुस्तक चालू होतं. ते ऐकून मुलं मालीशतज्ज्ञाची परीक्षा देणार होती. वीस धडे वाचून झाले होते, एकविसावा चालू होता. वाचायला बसली की घरात शिस्त लागायची. खिडक्या बंद, कुकर बंद, दाराच्या घंटीची वायर काढलेली, आणि पंखा बंद. तो बाहेरून घामाघूम येऊन सवयीने पंखा लावायचा आणि आतून ती ओरडायची, "अहो, पंखा बंद करा ना!" वाचताना चूक झाली की ती थांबायची आणि स्वच्छ म्हणायची, "थांबा, परत वाचते." ही खूण होती. पुढे शाळेतली एक बाई त्या खुणेवर बरोबर कापायची आणि चुका काढून टाकायची. ती बाई जन्मापासून आंधळी. संगणकावर सगळं काम कानाने करायची. हिने तिचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं आणि ते तिला आवडायचंही.

या शिस्तीतच पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ होतं. संगणकात चोर शिरू नयेत म्हणून एक रखवालदार प्रोग्रॅम होता. पहिल्याच पुस्तकाच्या चौथ्या धड्याच्या मधोमध तो 'टिंग' करून वाजला आणि अर्ध्या तासाचं वाचन वाया गेलं. शिवाय तो तपासणीला लागला की संगणकाच्या पोटातला पंखा मिक्सरसारखा घरघरायचा. तेव्हा लिफ्टवाल्यानेच त्याचा आवाज बंद केला आणि तपासणीही बंद केली. उरली एक मुकी लाल चौकट. ती अधूनमधून उगवायची. बायकोने त्याला शिकवलं होतं, "लाल चौकट आली की 'राहू द्या' दाबायचं. नाहीतर ते घरघर सुरू करतं." तो दाबायचा. चौकटीत काय लिहिलंय ते दोघांनीही कधी वाचलं नाही.

लिफ्टचा धोक्याचा दिवा कोणी असा बंद केला असता, तर त्याने त्या माणसाला दिवसभर शिव्या घातल्या असत्या.

ती गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या थोरल्या बहिणीने फोनवर एक दुवा पाठवला. ताई एका तरंगगुरूच्या बैठकांना जायची.

"अरे, स्मृतिज्योत आहे ती," ताई म्हणाली. "संगणकात घातलीस की तिचा फोटो येतो, समोर ज्योत येते. आपण बोललो की ज्योत हलते."

"बोलल्यावर हलते कशी?"

"तिला कॅमेरा आणि माइकची परवानगी द्यायची. ज्योतीने आपला श्वास ओळखायला नको का?"

त्याने परवानगी दिली. लाल चौकट उगवली. त्याने 'राहू द्या' दाबलं. पडद्यावर तिचा फोटो आला, ज्योत आली. त्याने हळूच हाक मारली आणि ज्योत हलली. तो खुर्चीत बसला आणि दवाखान्यातसुद्धा आलं नव्हतं ते रडू त्याला तिथे आलं.

नऊ दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास तो कामावरून आला. पिशवी टाकली, पंखा लावला. संगणकातून तिचा आवाज आला.

"अहो, पंखा बंद करा ना."

त्याने पंखा बंद केला. मग भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसला.

ताईला सांगितलं आणि दोन दिवसांत ते सगळ्या इमारतीला कळलं. रविवारी सकाळी दहाला त्याच्या दीड खोल्यांच्या घरात चाळीस माणसं होती. जिन्यावर वेगळी. चपलांचा ढीग लिफ्टच्या दाराशी गेल्यामुळे लिफ्टचं दार लागेना. एरवी यावर तो बोंबलला असता. त्या दिवशी बोलला नाही.

तरंगगुरू आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, गालापाशी वळलेला माइक. चाळीस माणसांच्या खोलीत माइक कशाला, हे कोणी विचारलं नाही. असल्या माणसाला पहिला प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचा सगळा धंदा त्यावरच उभा असतो.

"विज्ञान काय सांगतं?" गुरूने सुरुवात केली. "ऊर्जा नष्ट होत नाही! आवाज म्हणजे ऊर्जा. मग आवाज नष्ट कसा होईल? आत्मा म्हणजे तरंग आणि संगणक म्हणजे तरंगांचं घर. या माउलीचा प्राण वाचता वाचता गेला. प्राण बाहेर आला, समोर माइक होता. तो कुठे गेला असेल?"

"माइकमधे!" पुढच्या रांगेतला चष्मेवाला ओरडला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

"शाब्बास! तुमची जाणीव जागी आहे."

चष्मेवाला फुगला. गुरूने तांब्याची एक सळई संगणकावर धरली आणि डोळे मिटले. "ताई, आम्ही आलोय. संकेत द्या."

पाच सेकंद गेले. दहा गेले.

"हं, ऐका," संगणकातून आवाज आला. तिचाच. अगदी तिचाच.

खोलीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. ताई हुंदके देऊ लागली. चष्मेवाल्याने लगेच हात जोडले. "काकू, दुकान चालत नाही हो. काय करू?"

"इथून ते डावीकडे वळतं," संगणक म्हणाला.

"काउंटर!" चष्मेवाला उठूनच उभा राहिला. "काउंटर उजवीकडे आहे माझा!"

"डावीकडे घ्या," गुरू गंभीरपणे म्हणाला. "त्यांना तिथून दिसतंय."

वरच्या बाईंनी मुलीच्या लग्नाचं विचारलं. आवाज म्हणाला, "थांबा, परत वाचते." गुरूने अर्थ सांगितला की स्थळ हातचं गेलंय, पण तेच परत येईल. एका निवृत्त मुख्याध्यापकाने गुडघ्यांचं विचारलं, तर आवाज म्हणाला, "वय वाढलं की झीज होते." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. एवढं कळायला त्यांना परलोकातून निरोप लागला. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं होतं त्यांनी.

लिफ्टवाल्याने काही विचारलं नाही. त्याला फक्त ऐकायचं होतं.

शेवटी गुरू त्याच्याकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. "त्या अडकल्यात. दिसतंय मला. शनिवारी हे यंत्र केंद्रात आणायचं. चाळीस दिवस तिथे राहील, लोक ऐकतील, मग मी त्यांना मोकळं करीन. यंत्र पूर्ण पुसून. तोवर प्रत काढायची नाही. एकही नाही. प्रत काढली तर आत्मा दुभंगतो." त्याने एक कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं की हा आवाज केंद्राच्या सेवेसाठी कायमचा दिला आहे.

"शनिवारी सही करतो," लिफ्टवाला म्हणाला.

"अरे, आत्ताच कर ना," ताई म्हणाली.

"शनिवारी."

का थांबला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुधा एवढंच, की आणखी सहा दिवस ती घरात बोलत राहील.

बुधवारी दुपारी कात्रीबाई आली. पांढरी काठी दाराला टेकवली, खुर्ची चाचपून बसली. परीक्षेला सहा आठवडे उरले होते आणि एकविसावा धडा तिच्याकडे आला नव्हता.

"अर्धा असला तरी द्या, काका. पुढचं आम्ही कोणाकडून तरी वाचून घेऊ. काकूंनी वाचलेलं टाकून द्यायचं नाहीये."

"देता येणार नाही, बाई. प्रत काढायची नाही असं सांगितलंय."

"कोणी?"

त्याने सगळं सांगितलं. ती हसली नाही, हेच त्याला बरं वाटलं. तिने नुसतं विचारलं, "मला ऐकवाल?"

त्याने उठून पंखा लावला. दोन मिनिटांत आवाज आला. "अहो, पंखा बंद करा ना."

कात्रीबाईचा चेहरा कसनुसा झाला. मग ती कान पुढे करून म्हणाली, "पंखा बंद करून पुन्हा लावा."

पुन्हा आवाज आला.

"मागे ड्रिल ऐकू आलं का तुम्हाला?" त्याला बाहेर जिन्यात नेऊन तिने विचारलं.

"कुठे?"

"त्यांच्या आवाजाच्या मागे. घुर्र, घुर्र, मग थांबतं. अकराव्या धड्याच्या वेळी तुमच्या वरच्या घरात बाथरूमचं काम चाललं होतं. काकू रोज मला सॉरी म्हणायच्या त्यावरून. हे वाक्य मीच कापलंय, काका. माझ्या हाताने कापलंय. आता सांगा, वर कुठे ड्रिल चालू आहे?"

कुठेच नव्हतं. इमारत दुपारच्या झोपेत होती.

"की परलोकातही बाथरूमचं काम निघालंय?" ती म्हणाली.

त्याला राग आला. बाईचा नाही आणि गुरूचाही नाही, नुसताच राग आला. "आवाज तिचाच आहे," तो म्हणाला.

"त्यांचाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण बोलतंय दुसरंच कोणीतरी. काका, तुम्ही लिफ्टवाले. रिकामी लिफ्ट आपोआप सातव्या मजल्यावर गेली तर तुम्ही काय म्हणता?"

"सातव्यावर कोणीतरी बटण दाबलं."

"मग इथे का नाही म्हणत?"

 अडतीस वर्षांत भुताच्या लिफ्टची तक्रार त्याच्याकडे शंभर वेळा तरी आली असेल. प्रत्येक वेळी त्याने बटण, वायर नाहीतर उंदीर शोधून दाखवला होता आणि वर लोकांची टर उडवली होती. बायकोच्या आवाजापुढे ते सगळं तो विसरला होता.

आत शिरण्याआधी कात्रीबाईने त्याच्या कानात सांगितलं, "कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा. मग मोठ्याने म्हणा की पंखा लावतो. पण लावू नका."

त्याने आत जाऊन पट्टी लावली. घसा साफ केला. "उकडतंय बुवा. पंखा लावतो आता." आणि जागेवरून हलला नाही.

पंख्याची तिन्ही पाती स्थिर होती. ज्योत हलली. एक मिनिट गेलं.

"अहो, पंखा बंद करा ना," त्याची बायको म्हणाली.

त्याने पंख्याकडे पाहिलं. मग संगणकाकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात त्याला आधी स्वतःचाच चेहरा दिसला. नऊ वर्षं जिला पंख्याची पाती फिरताना कळायची, तिला आता कळत नाही? का? तर डोळ्यावर पट्टी आहे म्हणून. जो कोणी होता त्याला ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं.

कात्रीबाईने बोटाने गप्प राहायची खूण केली. त्याने संगणकाच्या मागे हात घालून इंटरनेटची वायर उपटली. मग म्हणाला, "आता बोला."

"ही तुमची ज्योत. हिच्या आडून कोणीतरी आत बसलंय. कॅमेऱ्यातून बघतोय, माइकमधून ऐकतोय, काकूंच्या इथल्या न कापलेल्या फायली उघडून वाक्यं शोधतोय आणि वाजवतोय. तुम्ही टंकता ते अक्षरही त्याला कळत असणार. रखवालदार बंद आहे ना तुमचा?"

"मीच बंद केलाय."

"मग आता शोधू. पण आज नाही. शनिवारी, सगळ्यांसमोर."

"त्याला संशय येईल."

"वायर परत लावा, पट्टी काढा. तीन दिवस पंखा लावा आणि बंद करा. रडायला आलं तर रडा."

ते शेवटचं त्याला करावं लागलं नाही. इतकी चीड त्याला आयुष्यात आली नव्हती. त्याचं रडणं कोणीतरी एका पडद्यावर बसून बघितलं होतं. घरात बनियनवर फिरणारा, एकटा बडबडणारा, तिच्या खुर्चीवर डोकं ठेवणारा तो. आणि बघणाऱ्याने त्यातून फक्त हे टिपलं होतं की पंखा लावल्यावर हा सापडतो.

शनिवारी साठ माणसं आली. यंत्र न्यायला दोन हमाल आणि एक फुलांनी मढवलेली पेटी आली. चष्मेवाल्याने काउंटर डावीकडे हलवला होता, आता तो दुकानाच्या दाराला आडवा येत होता. गिऱ्हाइकाला आत शिरायला तिरकं व्हावं लागायचं. "पण फरक जाणवतोय," तो प्रत्येकाला सांगत होता.

गुरूने सळई धरली. "ताई, निघायची वेळ झाली. निरोप द्या."

शांतता.

"संकेत द्या, ताई."

काही नाही. लिफ्टवाला संगणकाच्या मागे टेकून उभा होता. हातात वायरचं टोक होतं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"त्या दुखावल्यात," गुरू म्हणाला. "खोलीत शंका आहे. मला जळल्याचा वास येतोय शंकेचा. कोणाच्या मनात आहे?"

"माझ्या," कात्रीबाई म्हणाली.

सगळे वळले. गुरूने तिची काठी पाहिली आणि त्याचा सूर एकदम दयाळू झाला. "मुली, तुला दिसत नाही म्हणून—"

"मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तुम्ही अजून एकदा संकेत मागा ना."

त्याने मागितला. तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा, आवाज चढवत, सळई हलवत. तेवढ्यात दारातल्या गर्दीतून एक घामाघूम माणूस वाट काढत आत आला. केंद्राचा मदतनीस. बैठकीला तो नेहमी खाली गाडीत बसायचा. मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन.

"इथलं नेट गेलंय का?" त्याने विचारलं.

 साठ माणसं त्याच्याकडे बघत होती.

"कोणाला विचारतोयस रे?" लिफ्टवाला म्हणाला. "आत्म्याला नेट लागतं होय?"

मदतनीस गुरूकडे बघू लागला, गुरू सळईकडे. वरच्या बाई फसकन हसल्या आणि लगेच त्यांनी तोंड दाबलं.

"हा आमच्या केंद्राचा थेट प्रक्षेपणवाला आहे," गुरू म्हणाला. "तुम्ही भलता अर्थ—"

"मग तपासू की," कात्रीबाई म्हणाली. तिने पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला. "काका, घरातला रखवालदार इतके दिवस झोपलेला. त्याच्यावर भरवसा नको. हा माझा. काल रात्रीपर्यंतच्या चोरांची यादी भरून आणलीय, म्हणजे वायर न लावता काम होईल."

"यंत्राला हात लावू नका!" गुरू किंचाळला. "तपासणीने आत्म्याला वेदना होतात!"

"पुसून टाकताना होणार नव्हत्या का?" लिफ्टवाला म्हणाला. "चाळीस दिवसांनी तुम्हीच पुसणार होतात ना?"

कात्रीबाईने तिच्या सवयीचा वाचक प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर जे येईल ते तो बोलून दाखवतो. चपटा, घाईचा, कोणाचाच नसलेला आवाज. "पूर्ण तपासणी. सुरू. एक टक्का." संगणकाच्या पोटातला पंखा घरघरू लागला. नऊ वर्षं या घरात ज्या आवाजाला बंदी होती, तो खुशाल भरून राहिला.

तपासणीला दीड तास लागला. चमत्कार पाहायला आलेल्या लोकांनी दीड तास टक्केवारी ऐकली. वरच्या बाईंनी चहा केला. एकवीस टक्क्यांना मदतनीस दिसेनासा झाला. चौतीस टक्क्यांना गुरूला एका भक्ताच्या घरी तातडीने जाण्याचा अंतःस्फूर्त आदेश आला. लिफ्टने तो गेला नाही. सहा मजले जिन्याने उतरला, माइक गालाला तसाच. हमाल मात्र थांबले. त्यांना निकाल ऐकायचा होता.

"शंभर टक्के," यंत्र म्हणालं. "चार धोके सापडले."

"सगळे उडवा!" चष्मेवाला म्हणाला. तो मघापासून फार चिडला होता.

"थांबा हो. सापडलं ते सगळं चोर नसतं. एकेक बघू." कात्रीबाईने एकेक नाव बोलायला लावलं. पहिलं, स्मृतिज्योत. दुसरं, कॅमेरा आणि माइक चोरून चालवणारं. तिसरं, कळफलकावरचं अक्षर अन् अक्षर टिपून बाहेर पाठवणारं. तिन्ही एकाच दिवशी, एकाच मिनिटात आत आलेली. "तारीख सांगा काका, ज्योत कधी लावलीत?"

त्याने सांगितली. तीच होती.

"आणि चौथं?"

"हे नऊ वर्षं जुनं आहे. आवाजाचे तुकडे जोडायचं साधन. काकूंचंच. अशा जुन्या गोष्टींवरही रखवालदार भुंकतो. कुठून घेतलं तेही मला माहीत आहे, मीच दिलं होतं. हे राहू दे. बाकीचे तीन कोंडायचे. पुसायचे नाहीत. कोंडले की त्यांना काही करता येत नाही आणि पोलिसांना दाखवायला शिल्लक राहतात."

तिने तिघांना कोंडलं. अहवालाची प्रत काढली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तपासणी लावली, कारण काही चोर दार लावल्यावर खिडकीतून येतात. लिफ्टवाल्याचे सगळे पासवर्ड तिने या यंत्रावरून नाही, तर स्वतःच्या फोनवरून बदलून घेतले. ज्योत गेली होती. पडद्यावर नुसता निळा रंग होता.

"पण डावीकडे वळतं, ते?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं. "तेवढं तरी..."

कात्रीबाईने सातवा धडा उघडला आणि लावला. लिफ्टवाल्याच्या बायकोचा स्वच्छ, न घाई करणारा आवाज आला. "मोठं आतडं पोटाच्या उजव्या बाजूने वर चढतं आणि यकृताखाली पोचतं. इथून ते डावीकडे वळतं."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मुख्याध्यापक हसायला लागले. त्यांच्याबरोबर हमाल. नंतर सगळी खोली. चष्मेवाला सोडून.

"तुम्ही काय हसता, गुरुजी?" तो करवादला. "तुमचे गुडघे कुठल्या धड्यातले?"

"दुसऱ्या," कात्रीबाई म्हणाली.

ताई एका कोपऱ्यात बसून होती. ती हसली नाही. लोक गेल्यावर ती म्हणाली, "अरे, मी तुलाच नाही पाठवली ती ज्योत. ज्याच्या ज्याच्या घरी कोणी गेलं, त्या त्या घरी पाठवली. तुझ्याशिवाय सतरा घरी."

लिफ्टवाला तिच्यावर ओरडणार होता. पण लाल चौकट समोर आल्यावर 'राहू द्या' दाबणारा तो स्वतःच होता. तो म्हणाला, "नावं लिहून दे."

एकविसावा धडा कात्रीबाईने नेला. तो कुठपर्यंत वाचलेला होता ते तिने सांगितलं, पुढच्या सहा तासांत काय टिपलं गेलं ते सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. उरलेला भाग शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी वाचला. पोलिसांत तक्रार गेली. तरंगगुरूच्या केंद्राला कुलूप आहे. दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने ते उघडलं असेल. असले लोक धंदा सोडत नाहीत, पाटी बदलतात.

यात जादू कुठेही नव्हती. एक चोरटा प्रोग्रॅम होता, तो आपल्याच परवानगीने आत आला होता. आपलं माणूस गेलं की आपण कुठल्याही दाराला टकटक ऐकतो, हे त्या भामट्याला चांगलं माहीत होतं. म्हणून दुःख करा, पण कुठलीही ज्योत श्वास ओळखायला कॅमेरा मागू लागली तर तिला विचारा, का? घरातल्या रखवालदाराला झोपवू नका. तो जे लिहून दाखवतो ते वाचा. यंत्र तपासा, सापडेल ते एकेक पाहा, नाहीतर तपासणाऱ्याला बोलवा. आणि मेलेलं माणूस बोललं, तर हात जोडण्याआधी बटण कुणी दाबलं ते शोधा. आपल्या माणसाचा आवाज कोणी सुरीसारखा आपल्याच गळ्यावर ठेवत असेल, तर त्याचा हात धरणं हे भक्तीपेक्षा मोठं काम आहे.

लिफ्टवाला आता सुट्टीच्या दिवशी यादी घेऊन फिरतो. सहा घरांतली ज्योत काढून झाली. एका घरी बापाने त्याला दारातूनच सांगितलं, "माझी मुलगी रोज चार वाजता मला हाक मारते. तुम्ही जा." त्याने समजावलं, अहवाल दाखवला. दार लागलं.

अकरा घरं अजून तपासायची राहिली आहेत.